वाचकांचे प्रश्न : बंदूक नको म्हणाले, मग वेड्यांच्या इस्पितळात काय केलं?

मागच्या अंकात दुसऱ्या महायुद्धावरच्या लेखाला एक छोटी चौकट जोडली होती. अमेरिकेत लढायला नकार देणाऱ्या बऱ्याच मेनोनाइट तरुणांनी सैन्याऐवजी मनोरुग्णालयांत काम केलं, एवढंच तिच्यात होतं. लेखकाने महिनाभर खपून लिहिलेल्या अख्ख्या लेखावर जेवढी पत्रं आली नाहीत तेवढी या चौकटीवर आली, म्हणून यावेळचं सदर तिलाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही कापलेत, आणि दोघा-तिघांनी नुसत्या शिव्या पाठवल्यात त्या आमच्याकडेच राहू द्या.

प्रश्न (रायपूर): ताई नमस्कार. आमच्या इकडे धमतरीला मेनोनाइटांचं चर्च आहे, मोठं हॉस्पिटल आहे, माझी आत्या तिथेच बाळंत झाली होती असं घरी सांगतात. तुम्ही लिहिलेले मेनोनाइट ते हेच का? आणि हे कॅथलिक की प्रोटेस्टंट?

उत्तर: हेच ते. १८९६-९७ च्या दुष्काळात अमेरिकेतल्या मेनोनाइटांनी इकडे मदत पाठवली आणि १८९९ मध्ये धमतरीला मिशनच काढलं. तेव्हा तो भाग मध्य प्रांतात, राजधानी नागपूर, त्यामुळे विदर्भातल्या जुन्या लोकांनाही हे नाव अगदीच परकं नसणार.

कॅथलिक नक्की नाहीत, आणि प्रोटेस्टंट म्हटलं तरी त्या काळातल्या प्रोटेस्टंटांनीच त्यांना बुडवून मारलंय. १५२५ मध्ये झुरिचला काही लोकांनी ठरवलं की तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देण्यात अर्थ नाही, माणसाने मोठं होऊन समजून उमजून घ्यावा, आणि चर्चचा नि सरकारचा संबंध नको, तलवार तर नकोच नको. मेनो सिमन्स हा डच पाद्री, त्याने १५३६ मध्ये कॅथलिक चर्च सोडलं आणि या विखुरलेल्या लोकांना गोळा केलं, त्याच्यावरून मेनोनाइट. पुढची चारशे वर्षं यांचं एकच चाललेलं, राजाने सैन्यात भरती मागितली की गाठोडं बांधायचं आणि जो राजा सूट देईल त्याच्या मुलखात जायचं. हॉलंड, प्रशिया, मग रशियाच्या राणीने बोलावलं म्हणून युक्रेन, आणि १८७० च्या दशकात रशियानेही सक्तीची भरती आणली तेव्हा हजारोंच्या संख्येने कॅन्सस, नेब्रास्का, मॅनिटोबा. पेनसिल्व्हेनियातले त्याच्याही आधी, १६८३ पासूनचे. बहुतेक सगळे शेतकरी, घरात जर्मन बोलणारे, शेजाऱ्याच्या अध्यातमध्यात नसलेले. अमिश आणि हटराइट म्हणून जे ऐकता ते त्यांचेच चुलतभाऊ.

प्रश्न (पुणे): स्पष्ट विचारतो, राग मानू नका. समोर हिटलर असताना 'आमच्या धर्मात बसत नाही' म्हणून घरी बसणं हा भित्रेपणा नाही का? बाकीच्यांची पोरं मरत होती आणि यांना हॉस्पिटलची नोकरी!

उत्तर: राग कशाला, तेव्हाच्या अमेरिकेतही लोक हेच म्हणायचे, आणि पत्रातल्या भाषेपेक्षा फारच वाईट भाषेत म्हणायचे. पण 'घरी बसणं' आणि 'नोकरी' हे दोन्ही शब्द इथे बसत नाहीत, ते का ते सांगते.

आधी पहिलं महायुद्ध बघा. तेव्हा अमेरिकेत नकार देणाऱ्यांसाठी धड सोयच नव्हती, पोरांना छावणीत नेऊन गणवेश घाला म्हणायचे, नाही घातला की कोर्ट मार्शल. साउथ डकोटातले चार हटराइट शेतकरी, त्यातले तिघे सख्खे भाऊ, हॉफर आडनावाचे, त्यांना अल्काट्राझच्या तळघरात ठेवलं, हात वर गजांना बांधून उभं केलं, थंडीत अंगावर पुरेसे कपडे नाहीत कारण द्यायचे ते गणवेशाचे आणि ते हे घालेनात. तिथून लेव्हनवर्थच्या तुरुंगात हलवलं आणि तिथे जोसेफ आणि मायकेल हे दोघे काही दिवसांच्या अंतराने गेले, १९१८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे युद्ध संपून दोन-तीन आठवडे झाल्यावर. जोसेफची बायको आली तेव्हा शवपेटीत त्याच्या अंगावर तोच गणवेश घातलेला होता जो त्याने जिवंतपणी नाकारला. हे सगळं या समाजांच्या लक्षात राहिलं, विसरणार कसं.

म्हणून दुसऱ्या युद्धाचे ढग दिसायला लागल्यावर मेनोनाइट, क्वेकर आणि ब्रदरन हे तीन शांतिवादी पंथ आधीच सरकारकडे गेले. सप्टेंबर १९४० च्या भरती कायद्यात सोय झाली की धार्मिक श्रद्धेने युद्धाला नकार देणाऱ्याला मुलकी देखरेखीखाली 'राष्ट्रीय महत्त्वाचं काम' द्यायचं. त्यातून सिव्हिलियन पब्लिक सर्व्हिस उभी राहिली, लोक सीपीएस म्हणायचे. पहिली छावणी मे १९४१ मध्ये मेरीलँडमध्ये पटाप्स्को इथे सुरू झाली. १९४७ पर्यंत जवळपास १२,००० तरुण यातून गेले आणि त्यात साडेचार हजारांच्या वर मेनोनाइट, कुठल्याही एका पंथाचे सगळ्यात जास्त.

आता नोकरीचं. पगार नाही! सरकारने जागा नि काम द्यायचं, खाणं-पिणं, कपडे, वरखर्च सगळं त्यांच्या त्यांच्या चर्चने भरायचं, आणि कॅन्सससारख्या ठिकाणच्या शेतकऱ्यांनी ते भरलं, तिन्ही पंथांचे मिळून ७० लाख डॉलरच्या वर गेले. साध्या सैनिकाला तेव्हा महिन्याला ५० डॉलर आणि वर घरच्यांना भत्ता. यांच्या घरी बायको-पोरं असली तर त्यांनी माहेरी जावं नाहीतर काम शोधावं. मनोरुग्णालयात जे गेले त्यांना इस्पितळाकडून राहणं-जेवण आणि महिन्याला १५ डॉलरच्या आसपास वरखर्च मिळायचा, ती त्यातल्या त्यात चैन.

आणि सगळे मेनोनाइट काही नकार देऊन बसले नव्हते हेही सांगते, नाहीतर उगाच देव्हाऱ्यात बसवल्यासारखं होईल. भरतीची नोटीस आलेल्या मेनोनाइट पोरांपैकी जवळपास ४० टक्के सरळ सैन्यात गेले, आणखी काही सैन्यातच पण बंदूक न धरता, म्हणजे वैद्यकीय तुकडीत वगैरे. काही गावांत एकाच घरातला एक भाऊ सैन्यात, एक सीपीएसमध्ये, आणि रविवारी चर्चमध्ये दोघांच्या आईने कुठे बघायचं असा प्रश्न.

हिटलरचं मात्र तुम्ही बरोबर पकडलंत. सगळ्यांनीच असं केलं असतं तर काय झालं असतं याला यांच्याकडे तुमचं समाधान होईल असं उत्तर नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच की येशूने शत्रूवर प्रेम करा सांगितलंय, त्यात 'हिटलर सोडून' असं लिहिलेलं नाही. मला स्वतःला हे पटतं का विचाराल तर पूर्ण नाही पटत. पण भित्रा माणूस निवडेल असं हे काम नव्हतं, ते पुढच्या उत्तरात वाचा आणि मग ठरवा.

प्रश्न (नागपूर): मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सायकिअॅट्रीची पोस्टिंग नुकतीच झाली म्हणून विचारते, त्या काळात औषधं काय होती आणि ही शेतकऱ्यांची पोरं वॉर्डात नक्की काय करायची? ट्रेनिंग होतं का?

उत्तर: ट्रेनिंग म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. बऱ्याच ठिकाणी खरंच तेवढंच, आल्या आल्या जुडगा हातात द्यायचा, कुठलं दार कधी उघडं ठेवायचं नाही ते सांगायचं आणि वॉर्डात सोडायचं. काही ठिकाणी डॉक्टर लेक्चर घ्यायचे पण तेही पोरांनीच मागून घेतलेले.

झालं होतं असं की युद्धाआधीच या सरकारी इस्पितळांत रुग्ण कोंबलेले, अटेंडंटचा पगार एवढा कमी की दुसरीकडे कुठे काम न मिळणारेच तिथे यायचे, त्यातले बरेच दारुडे, एका इस्पितळातून काढलं की दुसऱ्यात. युद्ध सुरू झाल्यावर तेही गेले, कारण कारखान्यात दुप्पट-तिप्पट पैसे मिळायला लागले. वॉर्ड ओस पडले, म्हणजे कर्मचाऱ्यांनी ओस, रुग्ण तेवढेच. तेव्हा काही अधीक्षकांनी नाइलाजाने विचारलं, ते नकारवाले आम्हाला देता का. १९४२ मध्ये व्हर्जिनियात विल्यम्सबर्ग आणि स्टॉन्टन इथे पहिल्या तुकड्या गेल्या, स्टॉन्टनची मेनोनाइटांची. मग पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, ऱ्होड आयलंड, मिशिगन असं पसरत गेलं आणि सगळे पंथ मिळून सुमारे ३,००० जणांनी मनोरुग्णालयांत आणि मतिमंदांच्या संस्थांत काम केलं, त्यातले निम्मे तरी मेनोनाइट. जबरदस्ती नव्हती बरं का, छावणीत झाडं लावायचं, चर खणायचं काम चालू असायचं, त्याला कंटाळून किंवा 'यात कसलं आलंय राष्ट्रीय महत्त्व' म्हणून पोरं आपणहून नाव द्यायची.

दिवस १०-१२ तासांचा. पहाटे वॉर्ड उठवायचा, रात्रभर घाण झालेले बिछाने काढायचे, माणसं धुवायची, दाढ्या करायच्या, ज्यांना हाताने जेवता येत नाही त्यांना एकामागून एक चमच्याने भरवायचं, चमचे मोजून परत घ्यायचे, लादी पुसायची आणि तोवर दुसऱ्या कोपऱ्यात परत घाण झालेली असायची. शंभर रुग्णांमागे एक माणूस हे काही विशेष नव्हतं, रात्री तर त्याहून वाईट. फिलाडेल्फियाचं सरकारी मनोरुग्णालय, बायबेरी म्हणून जास्त प्रसिद्ध, तिथे 'ए' बिल्डिंगमध्ये मोठ्या ओक्या खोलीत शेकडो पुरुष नागडे, बसायला बाक नाही, सिमेंटच्या फरशीवर भिंतीला टेकून. कपडे का नाहीत, तर घातले की फाडतात किंवा खराब करतात आणि धुवायला माणूस नाही.

औषधांचं म्हणशील तर क्लोरप्रोमाझिन अमेरिकेत यायला १९५४ उजाडलं, म्हणजे आज तू ज्या गोळ्या ट्रेमध्ये घेऊन फिरतेस त्यातलं काहीच नव्हतं. झोपवायला पॅराल्डिहाइड, ज्याचा वास माणसाच्या श्वासाला, कपड्यांना, भिंतींना येत राहतो. इन्सुलिन देऊन कोमात न्यायचे, विजेचे झटके द्यायचे आणि तेही भूल न देता, गार पाण्यात भिजवलेल्या चादरींत घट्ट गुंडाळून तासन् तास ठेवायचे, टबात बसवायचे. बाकी चामड्याचे पट्टे, हातबेड्या, बांधायचे अंगरखे.

आता खरी मेख इथे आहे. जुने अटेंडंट वॉर्ड शांत कसा ठेवायचे? झाडूचा दांडा, रबरी नळी, आणि एक युक्ती होती ओल्या टॉवेलची, टॉवेल मानेभोवती टाकून पिळायचा, माणूस बेशुद्ध पडेपर्यंत, आणि मानेवर वळ उमटत नाही म्हणून डॉक्टरला काही कळत नाही. नव्या पोराला पहिल्याच दिवशी हे दाखवून ठेवायचे, प्रेमाने, बाबा रे तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. आणि या पोराने तर गावातल्या भरती बोर्डापुढे उभं राहून लिहून दिलेलं की मी कुणावर हात उचलणार नाही! बोर्डावरच्या माणसाचा ठरलेला प्रश्न असायचा, तुझ्या आई-बहिणीवर कोणी हल्ला केला तर काय करशील. तिथे ते काल्पनिक होतं. इथे सहा फुटी माणूस खुर्ची उचलून अंगावर येतोय, किंवा दोन रुग्ण एकमेकांचा गळा धरून बसलेत, मध्ये पडणारा तू एकटा, आता सांग.

बहुतेकांनी हळूहळू जे शिकून घेतलं ते असं, हातात काही न घेता जायचं, शक्यतो दोघा-तिघांनी मिळून, दंड धरायचे, मारायचं नाही, बोलत राहायचं, नावाने हाक मारायची. नावं माहीत असणं हेच मुळात नवीन होतं. कोण कशाने भडकतो हे लक्षात ठेवलं की निम्मी भांडणं होतच नाहीत हेही त्यांना कळलं. पण धरून ठेवणं, बांधणं ही हिंसा का नाही, यावर त्यांच्यात रात्र रात्र वाद व्हायचे आणि एकमत झालं नाही. काही जण कंटाळून छावणीत परत गेले. काहींनी हात उचलला, हेही त्यांच्यातल्याच काहींनी नंतर कबूल केलंय. बारा तासांच्या पाळीनंतर अंगावर थुंकणाऱ्या माणसाला थप्पड मारली आणि मग खोलीवर येऊन विचार करत बसले की मी सैन्यात का नाही गेलो मग. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात जास्त खरी वाटते, कारण अहिंसेवर बोलणारे पुष्कळ असतात, पण रोज सकाळी सहा वाजता ती ड्युटीवर तपासली जाणारे फार थोडे.

तुझी पोस्टिंग झालीये म्हणजे तुला माहितीये, वॉर्डात दमलेला माणूस काय होतो ते.

प्रश्न (ठाणे): 'लाइफ' मासिकात छापलेले ते भयंकर फोटो मी नेटवर पाहिलेत. ते मेनोनाइटांनीच काढले ना? मग तुमच्या चौकटीत त्याचा उल्लेख का नाही?

उत्तर: नाही, तिथे बरेच लोक गल्लत करतात. फोटो काढणारा चार्ल्स लॉर्ड, बायबेरीतला सीओ (नकार देणाऱ्यांना सगळे सीओच म्हणायचे), पण बायबेरीची तुकडी क्वेकरांच्या संस्थेने चालवलेली होती. लॉर्डने खिशात मावेल असा छोटा अॅग्फा कॅमेरा जॅकेटमध्ये लपवून नेला, फ्लॅश नाही काही नाही, खिडकीतून येईल त्या उजेडात, अधिकारी नसताना दोन-दोन चार-चार करत काही महिन्यांत तीन रोल भरले. ते फोटो एलिनॉर रूझवेल्ट यांच्यापर्यंत गेले, आणि ६ मे १९४६ च्या 'लाइफ'मध्ये अल्बर्ट मेझेल या पत्रकाराच्या लेखासोबत छापून आले. वर्षभरापूर्वी अमेरिकन वाचकाने जर्मनीतल्या छळछावण्यांचे फोटो पाहिलेले, आणि आता हे जवळपास तसेच दिसणारे फोटो स्वतःच्या करातून चालणाऱ्या इस्पितळातले. त्याच्याही आधी १९४३ मध्ये क्लीव्हलंडला एका मेथडिस्ट सीओने तिथल्या वर्तमानपत्राला मारहाणीची माहिती दिली होती.

बायबेरीतल्याच चौघांनी, लेनर्ड एडलस्टाइन, हॅरल्ड बार्टन, विलार्ड हेटझेल आणि फिलिप स्टीअर, १९४४ मध्ये सगळ्या तुकड्यांतून लेखी हकिकती मागवायला सुरुवात केली, अटेंडंट लोकांसाठी मासिक काढलं, आणि १९४६ मध्ये नॅशनल मेंटल हेल्थ फाउंडेशन उभं केलं. अध्यक्ष कोण, तर सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती ओवेन रॉबर्ट्स. ती संस्था १९५० मध्ये दुसऱ्या जुन्या संस्थांत विलीन झाली आणि आज मेंटल हेल्थ अमेरिका नावाने चालू आहे. ज्यांचं कोणी नाव घेऊ नये अशी सरकारची इच्छा होती त्यांनी हे केलं. भरती खात्याचे प्रमुख जनरल हर्शी यांचं धोरण उघडच होतं की नकारवाल्यांबद्दल कोणाला काही ऐकू आलं नाही तर उत्तम. (गंमत म्हणजे हर्शी स्वतः मेनोनाइट वंशाचे.) म्हणून यांना ठेवलं कुठे, तर जिथे आधीच ज्यांच्याबद्दल कोणाला ऐकायचं नव्हतं असे लोक कोंडलेले होते तिथे! दोन्ही नकोशा मंडळींची गाठ घालून दिली आणि मग व्हायचं ते झालं.

मेनोनाइट यात मागे राहिले. हकिकती त्यांच्या तुकड्यांतूनही गेल्या, पण पेपरात जाणं, खटला, चौकशी, भाषण हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांचं वेगळं का ते वर्ध्याच्या पत्राच्या उत्तरात येतंय.

प्रश्न (वर्धा): हा तर सरळ सत्याग्रहच झाला. त्या लोकांवर गांधीजींचा प्रभाव होता का?

उत्तर: क्वेकर आणि शहरातल्या शिकलेल्या सीओंवर होता, भरपूर होता. मेनोनाइटांवर नाही, उलट त्यांनी गांधीजींपासून अंतरच ठेवलं. गाय हर्शबर्गर हे त्यांचे इतिहासाचे प्राध्यापक आणि विचारवंत, त्यांनी १९४४ मध्ये सविस्तर लिहून ठेवलंय की गांधींचा मार्ग अहिंसक असला तरी तो दबावाचा मार्ग आहे, समोरच्याला झुकवायचा, आणि येशूने सांगितलं ते प्रतिकारच न करणं. सत्याग्रही म्हणतो हा कायदा अन्यायाचा आहे, मी मोडतो, मला पकडा. जुना मेनोनाइट म्हणतो, सरकार तुमचं, कायदा तुमचा, तो बदला असं मी म्हणणार नाही, फक्त मला त्यात ओढू नका, दुसरं काही काम सांगा, ते दुप्पट करीन. आपल्याला हे जरा मिळमिळीत वाटतं, मलाही वाटतं, आणि त्यांच्यातल्याच पुढच्या पिढीला, व्हिएतनामच्या वेळी, फार मिळमिळीत वाटलं.

तुम्ही वर्ध्याचे म्हणून एक जुळणारी तारीख देते. १६ ऑक्टोबर १९४० हा अमेरिकेतला भरतीसाठी नाव नोंदवायचा पहिला दिवस, त्या दिवशी २१ ते ३५ वयाच्या सगळ्या पुरुषांनी, मेनोनाइटांसकट, रांगेत उभं राहून नाव लिहिलं. आणि दुसऱ्याच दिवशी, १७ तारखेला, तुमच्या पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहातलं पहिलं भाषण केलं, या युद्धाला माणूस किंवा पैसा देऊन मदत करू नका म्हणून, आणि चार दिवसांत अटक. विनोबांचा नकार सगळ्यांना सांगण्यासाठीच होता, आणि त्या रांगेतल्या मेनोनाइटाला आपला नकार शेजारच्यालाही कळला नाही तर बरं असं वाटत असणार. दोघांना एकाच खणात टाकू नये असं मला वाटतं.

प्रश्न (कोल्हापूर): सगळं पुरुषांचंच चाललंय. बायका कुठे होत्या?

उत्तर: होत्या ना. भरती पुरुषांची, त्यामुळे त्यांच्यावर सक्ती नव्हती, तरी १९४४ पासून मेनोनाइट कॉलेजांतल्या मुली उन्हाळ्याच्या सुट्टीत मिशिगनला इप्सिलांटीच्या आणि ऱ्होड आयलंडला हॉवर्डच्या मनोरुग्णालयात बायकांच्या वॉर्डांवर कामाला गेल्या. स्वतःला 'सीओ गर्ल्स' म्हणवून घ्यायच्या. शिवाय सीओंच्या बायका, नवऱ्याला पगार नाही म्हणून त्याच इस्पितळात पगारी अटेंडंट किंवा स्वयंपाकघरात लागायच्या आणि घर त्यांच्याच पगारावर चालायचं. बायकांचे वॉर्ड पुरुषांच्या वॉर्डांपेक्षा सोपे होते असं कोणी समजू नये. यांच्यावर लिहिलं कमी गेलंय हे खरंय.

प्रश्न (चिंचवड): सीओंना नंतर परदेशात मदतकार्याला का नाही पाठवलं? आपल्याकडे तेव्हा बंगालचा दुष्काळ चालू होता.

उत्तर: पाठवायचं चाललं होतं. १९४३ मध्ये कॉलेजांत प्रशिक्षण सुरू झालं, चीनला जाणारी पहिली तुकडी जहाजात बसलीसुद्धा, आणि तेवढ्यात अमेरिकन संसदेत सैन्याच्या बजेटला एक उपकलम चिकटवलं गेलं की नकारवाल्यांना देशाबाहेर पाठवायला एक पैसा वापरायचा नाही. जहाज दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोचलेलं, तिथून त्यांना परत बोलावलं. कारण साधंच, यांनी बाहेर जाऊन नाव कमावलं तर आघाडीवरच्या पोरांच्या आयांना काय सांगायचं. मेनोनाइट सेंट्रल कमिटीने मात्र आपल्या बळावर १९४२ पासून कलकत्त्यात काम सुरू केलेलं, दुष्काळातही त्यांचे लोक तिथे होते, पण ते सीपीएसमधले नव्हेत.

प्रश्न (सांगली): युद्ध संपलं आणि हे घरी गेले, मग त्या इस्पितळांचं काय? सुधारली का? आणि यांना शेवटी काही मोबदला मिळाला की नाही?

उत्तर: इस्पितळं लगेच सुधारली नाहीत. १९४६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कायदा आला, पैसा आला, अटेंडंटच्या प्रशिक्षणाची पुस्तकं निघाली, पण बायबेरी बंद व्हायला १९९० साल लागलं, आणि मधल्या काळातही तिथल्या तक्रारी थांबल्या नव्हत्या. फोटो छापून आले म्हणजे प्रश्न सुटला असं होत नाही.

मेनोनाइट पोरं मात्र घरी जाऊन आपल्या चर्चच्या मागे लागली. म्हणाली, आपलेही लोक वेडे होतात, आपण लपवून ठेवतो किंवा त्या नरकात टाकतो, आपलं काहीतरी काढूया. तसं काढायचं त्यांना अगदीच नवं नव्हतं, युक्रेनमध्ये नीपर नदीकाठी त्यांच्या पूर्वजांचं बेथानिया नावाचं मनोरुग्णालय होतं, ते १९२७ मध्ये धरणाच्या कामात गेलं. वडीलधाऱ्यांनी आढेवेढे घेतले, खर्च मोठा, मानसोपचार म्हणजे देवाधर्माच्या विरुद्ध असंही काहींचं मत, पण १९४७ मध्ये संस्था झाली आणि १९४९ मध्ये मेरीलँडला ब्रूक लेन फार्म सुरू झालं, ज्या शेतावर युद्धात सीपीएसची छावणी होती तिथेच. मग १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात रीडलीला किंग्ज व्ह्यू, १९५४ मध्ये कॅन्ससमध्ये न्यूटनला प्रेअरी व्ह्यू, १९६३ मध्ये इंडियानात ओकलॉन. छोटी इस्पितळं, शेताजवळ, घरच्यांना येऊ-जाऊ देणारी, नंतर तिथे दिवसा उपचार घेऊन संध्याकाळी घरी जायची सोयही झाली, आणि उपचार फक्त मेनोनाइटांनाच असं नव्हतं. यातली बरीच आजही चालू आहेत. 'लाइफ'मधल्या फोटोंची जेवढी चर्चा होते तेवढी यांची होत नाही, पण रुग्णाच्या बाजूने विचार केला तर मी हे काम मोठं धरते.

मोबदल्याचं उत्तर सोपंय, नाही. सैन्यातून परतलेल्यांना सरकारने कॉलेजची फी दिली, घरासाठी कर्ज दिलं. यांना ना ते, ना पेन्शन, ना वॉर्डात मार खाऊन हात मोडला तर भरपाई. सुटकासुद्धा सैनिकांच्या बरोबरीने टप्प्याटप्प्याने, शेवटचे १९४७ च्या मार्चमध्ये घरी गेले. आणि ज्यांना शेतांवर, डेअरीत कामाला लावलं होतं त्यांची मजुरी शेतकरी रीतसर भरत होते, ती थेट सरकारी खजिन्यात जमा व्हायची. युद्धग्रस्तांच्या मदतीला तरी तो पैसा द्या म्हणून चर्चने बराच पाठपुरावा केला, तोही सुटला नाही.